पंधरावं केंद्र

१

नीलमला दुधाची किळस होती आणि नोकरी होती दुधाच्या प्लँटमध्ये. यावर ओतूरच्या लोकांनी पोटभर हसून घेतलं होतं. लहानपणी कधीतरी सायीचा तुकडा तिच्या घशात अडकला होता, एवढंच निमित्त. पण तेव्हापासून गरम दुधावर धरलेली ती सुरकुतलेली कातडी दिसली की ती ताटावरून उठायची. सुदैवाने तिचा संबंध दुधाशी नव्हता, दुधाच्या आकड्यांशी होता. प्लँटच्या मागच्या अंगाला एसीची एक छोटी खोली होती. त्यात सर्व्हर, एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीत नीलम.

प्लँटची चौदा संकलन केंद्रं होती, खाली राजुरीपासून पार वर तळेघरपर्यंत. प्रत्येक केंद्रात एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं फॅट मोजायचं मशीन. माणूस दूध घेऊन आला, सभासद नंबर सांगितला, दूध मोजलं, की किती लिटर आणि किती फॅट याची नोंद आपोआप व्हायची. हा सगळा खेळ सकाळ-संध्याकाळचा. दुपारी एकनंतर प्रत्येक केंद्राचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून नोंदींची एक प्रत ओतूरला पाठवायचा. केंद्रातलं मशीन उद्या जळलं, भिजलं किंवा उंदरांनी खाल्लं तरी नोंदी शाबूत राहाव्यात, म्हणून हा बॅकअप.

काय पाठवायचं, काय गाळायचं, किती वाजता पाठवायचं, ही सेटिंग पूर्वी त्या त्या मशीनवर जाऊन करावी लागे. नीलमने एसटीचे भरपूर धक्के खाल्ले होते. मग २००७च्या मार्चमध्ये सॉफ्टवेअर बदललं. आता 'सर्व केंद्रे' नावाचा एक ग्रुप केला, त्याला ओतूरला बसून एकदा सेटिंग दिली, की चौदाही मशीन मुकाट्याने ऐकत. एखाद्या केंद्रात नवीन मशीन बसलं तर ते आपोआप ग्रुपमध्ये यावं, अशीही खूण नीलमने करून ठेवली होती.

"नीलमताई, आता बसा उंटावरून शेळ्या हाकत," मॅनेजर बाळासाहेब म्हणाले. ते थट्टेने म्हणाले होते, पण नीलमला ते बिरुद आवडलं.

संध्याकाळी मात्र तिची दुधापासून सुटका नव्हती. स्टाफला रोज दोन लिटर दूध मिळायचं, ते किटलीतून घरी न्यायचं असे. तिची मुलगी सिद्धी पाच वर्षांची होती. हिवाळ्यात टायफॉइड झाला आणि पोरीची रयाच गेली. तेरा किलोची कशीबशी होती ती बाराच्याही खाली आली. बरगड्या मोजून घ्याव्यात. जुन्नरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या पोटात दूध गेलं पाहिजे, दुसरं काही मला सांगू नका. म्हणून नीलम रोज श्वास रोखून दूध तापवायची आणि तोंड फिरवून पेला मुलीपुढे धरायची. सिद्धी दोन घोट घ्यायची आणि पेला सरकवायची. आईचीच पोर.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी नीलम जेवणाचा डबा बंद करून पडद्यासमोर बसली. केंद्रांच्या नावांपुढे एकेक हिरवा ठिपका लागत होता. चौदा ठिपके झाले की तिचं दुपारचं काम संपे. त्या दिवशी पंधरा झाले.

तळेघर दोनदा आलं होतं.

२

तिला नवल वाटलं नाही. मशीनमध्ये विंडोज नव्याने भरलं की ते सर्व्हरला दुसरंच मशीन वाटतं आणि नाव दोनदा येतं. पण मग जुन्या नावापुढचा ठिपका लाल व्हायला हवा. इथे दोन्ही हिरवे होते. तळेघरच्या केंद्रात फोन एकच. एका तारेवरून, एकाच वेळी, दोन मशीनांनी प्रत पाठवली होती.

तिने दुसऱ्या तळेघरची प्रत उघडली. आत नोंदी होत्या. रोज एक, दुपारी साडेबाराची. सभासद नंबर शून्य. पहिल्या दिवशी अर्धा लिटर, फॅट चार. दुसऱ्या दिवशी एक लिटर, फॅट नऊ. गाय चार देते, म्हैस सात-आठ देते. तिसऱ्या दिवशी सोळा. आज तेवीस. असं दूध कोणत्याच थानातून येत नाही. तेवीस म्हणजे ते पेल्यातून धड ओतलंही गेलं नसतं. नीलमच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसलं. तिने खिडकी उघडली.

तळेघरचं केंद्र भागू बघायचा. पन्नाशीचा माणूस, भात-नाचणीची शेती आणि दावणीला तीन म्हशी. नीलमने त्याला फोन लावला.

"भागूदादा, तुमच्याकडे दुसरा कॉम्प्युटर आणलाय का?"

"दुसरा? ताई, हाय त्यो मला ऐकंना. दुसरा कशाला आनू?"

"मग दुपारी साडेबाराला दूध कोण घालतं?"

"दुपारी हितं लाईट नसती. अकराला जाती ती पाचला येती. बॅटरीवर तुमची ती प्रत जाती तेवढी. दूध कोन मोजल?"

"नोंद आहे दादा. रोजची."

रिसीव्हरमधून एक आवाज येत होता. जाड काहीतरी एका भांड्यातून दुसऱ्यात पडत असावं, सावकाश, धार न तुटता.

"नंबर कुनाचा लावलाय?" भागूने विचारलं.

"शून्य."

"ठिवतो ताई. म्हशी सोडायच्यात."

एप्रिलच्या भर उन्हात दुपारी दीडला म्हशी कोणी सोडत नाही, हे नीलमसारख्या दुकानदाराच्या सुनेलाही कळतं. ती उठून मॅनेजरकडे गेली.

बाळासाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दोन शब्दांत निकाल लावला. "डिलीट करा."

तिने केलं. केंद्र काढताना सॉफ्टवेअर विचारत असे की त्याच्या प्रतीचं काय करायचं, पुसायची की केंद्राला परत पाठवायची. तिने पुसली. दुसऱ्या दिवशी पंधरावा ठिपका पुन्हा हजर. नवीन मशीन आपोआप घेण्याची खूण आपणच केलीय, हे तिच्या लक्षात आलं. हात दाखवून अवलक्षण. तिने ती खूण काढली, केंद्र पुन्हा पुसलं आणि गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत नखं खात बसली. ठिपका आला. आत तीस लिटर होते, फॅट एकतीस, आणि तिने पुसलेल्या सगळ्या जुन्या नोंदी जागच्या जागी होत्या.

कोणीतरी चेष्टा करतंय, तिने स्वतःला बजावलं. कोणीतरी पुण्याला शिकून आलेला असेल.

३

शुक्रवारी ती नारायणगावमार्गे जाणारी एसटी धरून निघाली. मंचरला बदलली, घोडेगावला खोळंबली आणि अकराच्या पुढे तळेघरला उतरली. केंद्राचं दार उघडं होतं. एकच कॉम्प्युटर, एकच फोन. लाईट गेलेली. भागू उंबऱ्यावर बसला होता, तिची वाट बघत असल्यासारखा.

"दुसरं मशीन कुठंय, दादा?"

"मशीन न्हाई. जुनी खोली हाय." त्याने हाताने वरच्या अंगाला दाखवलं. "आदी केंद्र तितं व्हतं. चार वर्सं झाली बंद करून."

"तिथे कोण जातं?"

"कोन बी न्हाई. कुत्रं बी न्हाई."

"मग बंद का केलं?"

"वास जाईना," भागू म्हणाला. "चुना मारला, शेणानं सारवली. लई केलं. न्हाई ग्येला."

किल्ली त्याच्याकडे होती. दहा मिनिटांचा चढ होता, पण भागू वाटेत तीनदा बसला. पत्र्याच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर जाळं. हे जाळं कोणी रोज मोडत नव्हतं, हे उघड दिसत होतं. त्याने कुलूप काढलं आणि चार पावलं मागे सरकला.

वास आंबलेल्या दुधाचा नव्हता. आंबलेल्या दुधाची तिची तयारी होती. हा वास गोडसर होता, कोमट. सिद्धी तान्ही असताना पिऊन झाल्यावर खांद्यावर गुळणी टाकायची, त्या गुळणीचा. नीलमला तो इतका नेमका आठवला की तिचा हात आपसूक खांद्याकडे गेला. मग तिला शिसारी आली, वासाची आणि स्वतःच्या हाताचीही.

आत टेबलावर कॉम्प्युटरचा डबा होता. तिने वाकून पाहिलं, तर तो नुसता डबाच. आतलं सगळं कोणीतरी केव्हाच काढून नेलेलं. वायर नाही, फोन नाही, भिंतीवरचा बोर्डही उखडलेला. शेजारी जुनं फॅटचं मशीन, धुळीने माखलेलं. फक्त त्याची नमुना ओढायची नळी ओली होती. टोकाला एक थेंब लोंबत होता, पिवळट, बोराएवढा. खाली पडायला हवा होता एवढा जड होता, पण पडत नव्हता.

पायाखाली फरशी चिकट होती. चप्पल उचलताना पच्‌ असा आवाज येई. माशी मात्र एकही नव्हती. एप्रिलमध्ये, दुधाच्या खोलीत, एक माशी नाही.

कोपऱ्यात चाळीस लिटरचा कॅन उभा होता.

"ताई, झाकन नका काढू," भागू दारातून म्हणाला.

तिच्या घड्याळात साडेबाराला दोन मिनिटं कमी होती. उंदीर पडला असेल, तिने मनात म्हटलं. इतकं लांब येऊन बघायचं नाही तर काय करायचं. तिने ओढणी नाकाला लावली आणि झाकण अर्धं सरकवलं.

कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता. वर साय धरली होती, भाकरीएवढी जाड, सुरकुत्या पडलेली. मधोमध ती आत ओढली गेली होती आणि तिथे गाठ मारल्यासारखी गोल वळली होती, पोटावर बेंबी असते तशी. नीलमने रोखलेला श्वास सोडला. साय थोडी वर आली. नीलमने श्वास घेतला. साय खाली गेली.

झाकण लावलं कोणी ते तिला आठवत नाही. भागूने लावलं असावं. ती बाहेर एका दगडाशी ओणवी होती आणि वाटेत खाल्लेली पोळी-भाजी उलटून मातीत पडली होती. मागे बंद दाराच्या आत मशीन सुरू झाल्याची घरघर आली, जेमतेम अर्धं मिनिट, आणि थांबली.

"त्यानं मोजून घेतलं," भागू म्हणाला आणि त्याने कुलूप लावलं.

४

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. नवरा पीयूष कापडाच्या दुकानातून दमून यायचा, आणि सांगणार तरी काय? साय हलली? तापलेल्या खोलीत साय हलतेच, कॅन हिंदकळला असेल, मीच धक्का दिला असेन. रात्रभर तिने स्वतःला असं समजावलं आणि सकाळी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

स्वयंपाकघरात सासू पानबाई पाणी गाळत होत्या. घर जैनांचं, त्यामुळे पाण्याचा थेंब दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरायचा नाही. बरं, नुसतं गाळून भागत नाही. फडक्यावर उरतं त्यात जीव असतात, त्याला जिवाणी म्हणायचं. ती फेकायची नाही. फडकं उलटं करून, गाळलेल्या पाण्याने धुऊन, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ती हळूच सोडून यायची. पानबाई सत्तरीला आल्या तरी रोज तांब्या घेऊन मागच्या विहिरीवर जायच्या.

"बाई, आज मोरीत ओतलंत तर काय होईल?" नीलमने विचारलं. सासूला घरातले सगळे बाईच म्हणत.

"टाकलेलं काही सुटत नाही ग. पापासकट मागे लागतं," पानबाई म्हणाल्या. "ज्याचं त्याला पोचवलं की आपण मोकळ्या."

नीलमला वाटलं, उत्तर मिळालं. दोनदा तिने ती प्रत पुसली होती आणि दोनदा ती मागे आली होती. पुसायचीच कशाला? जिथली होती तिथे परत पाठवायची. ओतूरमधल्या दुसऱ्या कोणत्याही ऑपरेटरच्या डोक्यात हा विचार आला नसता. तिच्या डोक्यात तो आला, कारण सासरी-माहेरी बत्तीस वर्षं तिने हेच पाहिलं होतं.

शनिवारी अकरा वाजता ती सर्व्हरपुढे बसली. दुसरं तळेघर निवडलं, केंद्र काढा म्हणाली आणि या वेळी 'प्रत परत पाठवा' यावर खूण केली. एक चौकट उघडली. या मशीनची सेटिंग ग्रुपकडून ठरते, आदेश ग्रुपला द्यायचा का, असं ती विचारत होती. महिनाभर नीलम ही चौकट दिवसातून दहादा बघत होती. नव्या पद्धतीची सगळी मजा त्या चौकटीतच होती. तिच्या नाकात अजून तो गोड वास होता आणि तिला लवकर मोकळं व्हायचं होतं. तिने न वाचता हो म्हटलं.

पडद्यावरची पट्टी भरू लागली. शेवटी अक्षरं उमटली. पंधरापैकी पंधरा केंद्रांना पोचलं.

तिने ते दोनदा वाचलं. मग घाईघाईने राजुरीला फोन लावला. तिथलं केंद्र कुंडलिक सांभाळायचा, हसतमुख, सांगितलेल्या कामाला कधी नाही न म्हणणारा.

"कुंडलिकभाऊ, मशीनवर काही वेगळं दिसतंय का?"

"काय न्हाई, ताई. बंद हाय की मशीन."

दुपारी चौदा ठिपके लागले. पंधरावा आला नाही. रविवारी आला नाही, सोमवारीही नाही. नीलमने प्रती उघडून बघितल्या नाहीत. तिला ते आकडे पुन्हा बघायचेच नव्हते. ठिपके हिरवे होते, चौदा होते, एवढं तिला पुरे झालं.

घरात तर सुखाचे दिवस आले. सिद्धी दूध प्यायला लागली. आधी पेला संपवला, मग दुसरा मागितला. गुरुवारी पीयूषने तिला दुकानासमोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर उभं केलं. पोर चौदा किलो भरली. नीलम त्या दिवशी देवळात जाऊन मनापासून रडली.

५

पुढच्या मंगळवारी दुपारी बाळासाहेब स्वतः एसीच्या खोलीत आले. खुशीत होते.

"नीलमताई, काय जादू केलीत? सगळ्या केंद्रांची फॅट वाढलीय. एकजात. पुण्याहून फोन आला, असं दूध अख्ख्या जिल्ह्यात नाही म्हणे."

नीलमने त्यांच्यासमोरच राजुरीची प्रत उघडली. सकाळच्या नोंदी, संध्याकाळच्या नोंदी आणि त्यांच्या मधोमध दुपारी साडेबाराची. सभासद नंबर शून्य. चाळीस लिटर. फॅट चौतीस. तिने दुसरं केंद्र उघडलं, तिसरं उघडलं. चौदाही ठिकाणी, तिने प्रत परत पाठवली त्या शनिवारपासून रोज.

तिने फोन लावला. "कुंडलिकभाऊ, दुपारी दूध कोण घालतंय?"

"त्येच इचारनार व्हतो, ताई. बंद केंद्रात कॅन भरलेला घावतोय. कोन ठिवतंय म्हाईत न्हाई. पन लई घट्ट हाय बगा, लोनीच जनू."

"मग तुम्ही काय करता त्याचं?"

"करायचं काय? सांजच्या दुदात मिसळतो. फॅट चांगली लागती. सायब खूश हायत न्हवं?"

तिने रिसीव्हर ठेवला. "साहेब, टँकर थांबवा. ते दूध नाहीये."

"मग काय आहे?"

बाळासाहेबांनी समजुतीने मान हलवली. "दहा दिवस झाले, अख्खा तालुका पितोय. कोणाची तक्रार नाही. उलट मागणी वाढलीय. तुमची तब्येत बरी दिसत नाही, घरी जा आज."

ती घरी गेली. चालत नाही, पळत गेली. बाजारपेठेत चहाच्या टपरीवर माणसं बशीत चहा ओतून फुंकत होती, तिने तिकडे पाहिलं नाही.

दारातच तिला तो वास आला. गोडसर, कोमट. आता तिला कळलं की तो दहा दिवस घरात होता आणि पोरीच्या तोंडाचा म्हणून तिने तो प्रेमाने हुंगला होता. ती चपला न काढता आत धावली.

स्वयंपाकघरात सिद्धी पाटावर बसली होती. गाल वर आलेले, मनगटाला वळ्या पडलेल्या. पानबाई कौतुकाने तिच्या पेल्यात कालचं दूध ओतत होत्या.

"आजचा पाचवा पेला," पानबाई म्हणाल्या. "दृष्ट काढायला हवी."

नीलमने पेला हिसकावून मोरीत भिरकावला. सिद्धी रडली नाही. ती शांतपणे आईकडे बघत होती, आणि तिच्या वरच्या ओठावर दुधाची मिशी उमटली होती.

नीलमने ओढणीच्या टोकाने ती पुसली. पुसली गेली नाही. तिने टोक पाण्यात बुडवून पुन्हा पुसलं. मग वाकून पाहिलं. ओठावर साय होती, पातळ, सुरकुतलेली, गालाकडे सरकत गेलेली, आणि सिद्धीच्या श्वासाबरोबर ती वर-खाली होत होती. नीलमने दात आवळून तिची कड नखात धरली आणि ओढली.

"नको ना, मम्मी," सिद्धी म्हणाली. "दुखतंय."